नाव, अकरा सेकंद

ऐका, आणि मधे हसू नका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण कालिंदी आगाशेसुद्धा आधी हसलीच होती. हसत हसतच ती अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात मुळशी धरणाच्या काठाला, चिंचवाडीच्या फाट्यावर एस्टीतून उतरली. एका हातात वळकटी, दुसऱ्यात छत्री, आणि गळ्यात काळ्या दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच. फाट्यावरच्या बायांना वाटलं, पोरांना पळवायला खेळाची मास्तरीण आली!

कालिंदी पुण्यात सायकॉलॉजी शिकत होती, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वर्गात मुली दोनच, त्यातली ही एक. चष्मा जाड आणि उत्साह त्याहून जाड. आणि काम काय होतं, तर चिंचवाडीच्या पोलीस पाटलांनी, हैबतरावांनी, पौडाला मामलेदाराकडे अर्ज केला होता: भिवाजी होडीवाल्याची बायको तुळजाबाई हिला वेड लागलंय, तिला वेड्यांच्या इस्पितळात न्या. मामलेदारानं कालिंदीच्या सरांकडे दाखला मागितला, कारण सर मनाच्या आजारांचे डॉक्टर. आणि सरांनी दाखला द्यायच्या आधी कालिंदीला धाडलं.

"आधी तपासणी, मग निदान," सर म्हणाले. "आधी निदान करून मागनं तपासणारे पुण्यात पुष्कळ आहेत. आणि एकटीलाच तपासून येऊ नकोस. त्याच वाडीतली बारा शहाणी माणसंही तपास. शहाणं म्हणजे काय ते कळल्याशिवाय वेडं कुणाला म्हणणार? आणि मूळ कागद जपून आण. तुझं मत मला नंतर सांग, कागद आधी."

म्हणजे बघा, बावीस वर्षांच्या पोरीच्या कागदावर एका बाईचं सगळं आयुष्य. शुद्धीवर आहे म्हटलं तर घरी, नाही म्हटलं तर गजांमागं.

तुळजाचं वेड कसलं, ते हैबतरावांनी पहिल्याच दिवशी ओटीवर बसून सांगितलं.

"दोन वर्सामागं आषाढात भिवाची होडी धरणात उलटली. होडी घावली न्हाई, भिवा घावला न्हाई. त्येची आय, सारजाबाई, रोज काठाला जाऊन हाका मारायची. धा म्हैनं, एक दिस खाडा न्हाई. आन चैतात पाणी उतरलं, बुडल्याली जुनी वाडी उगडी पडली, आन त्या गाळातनं चालत भिवा घरला आला. आमी समद्यांनी वळखला. आन त्येची बायकू म्हनती, ह्यो न्हवं! वरीस झालं, घरात घास घालती, पर नवरा म्हनत न्हाई."

"तुम्ही सगळ्यांनी ओळखला?"

"व्हय," हैबतराव म्हणाले, आणि वाकून पायातल्या वहाणेचा अंगठा सारखा करत बसले. तो सरळच होता.

कालिंदीला आतून गुदगुल्या! सरांनी वर्गात शिकवलं होतं ना, फ्रान्समधल्या एका डॉक्टरानं लिहून ठेवलेला आजार, रोग्याला वाटतं आपलं माणूस कुणीतरी बदललंय, चेहरा तोच पण आतलं माणूस दुसरं. पुस्तकातला आजार असा समोर चालून आलेला! निदान तर तिनं ओटीवरच केलं होतं मनात. सर समोर असते तर कान धरला असता.

मुक्काम पाटलांच्याच घरी. पाटलीणबाई, धोंडाबाई, तिला पाणी देता देता म्हणाल्या, "बाई, येक ध्येनात ठिवा. पाण्याच्या अंगानं कुनी हाक मारली तर दोनदा गप ऱ्हायाचं. तिसऱ्या हाकंला ओ द्यायची. तिसरी हाक मानसाचीच असती."

कालिंदीनं वहीत टिपलं: समजुती, क्रमांक एक.

तेवढ्यात दोन घरं पलीकडून म्हातारीची हाक आली, "भिवाऽ..." आणि 'भि'चा 'वा' व्हायच्या आत उत्तर आलं, "ओ."

धोंडाबाईंचा हात थांबला. "त्यो हाक पुरी हू देत न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. कालिंदीनं बघितलं, तर अंगणात एक तिशीचा माणूस उभा होता. नाकीडोळी नीट, धोतर स्वच्छ, हसरा. तिनं मान हलवली, तर त्यानंही हलवली. तिनं हलवली तशीच. जराशी डावीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुळजाकडे गेली. तुळजा उतारावरच्या खाचरात राब भाजत होती. म्हणजे पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवायच्या, आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. धुरात उभी, पदर कमरेला, तोंड काळं.

"तूच का ती घड्याळवाली?" तुळजा म्हणाली. "मला येडी ठरवाया आलीस न्हवं? लौकर ठरीव बाई, पावसाच्या आदी राब भाजून व्हायाला पायजे. आन हितं नगं बसू, पांढरं लुगडं हाय तुजं. त्या बांधावर बस."

कालिंदी बांधावर बसली. आधी साधे प्रश्न. महिना कुठला? बरोबर. गाव कुठलं? बरोबर. राज्य कुणाचं? "मामलेदाराचं," तुळजा म्हणाली. तेही तसं बरोबरच. मग नवऱ्याचं नाव. ते तिनं घेतलं नाही, आणि कालिंदीनं त्याचा गुणही कापला नाही, कारण तिची आई तरी कुठं घेत होती?

"आणि घरात जो माणूस आहे, त्याला काय म्हणतेस?"

तुळजानं काठीनं विस्तव सारला. "त्येला नाव कुटाय?"

मग खरी परीक्षा. ती अशी: एका यादीत चाळीस शब्द. कालिंदी एकेक शब्द म्हणणार, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि कालिंदी घड्याळावर सेकंद मोजणार. मनात काही अडकलेलं असलं की त्या शब्दाला उशीर लागतो. यादी इंग्रजी होती, तिनं स्वतः मराठी केली होती. जहाज हा शब्द होता, तर तिनं विचार केला, मावळात जहाज कुणी बघितलंय? म्हणून लिहिलं 'नाव'. फार खूश होती स्वतःवर.

तुळजानं चाळीसच्या चाळीस शब्दांना उत्तरं दिली. दीड सेकंद, दोन सेकंद, दीड सेकंद, राब भाजता भाजता. कुठं अडखळणं नाही. अठ्ठाविसावा शब्द 'नाव', तिचं उत्तर 'बुडाली', दीड सेकंद. आणि बाकीच्या उत्तरांत काय होतं ते मला विचारू नका, का ते पुढं कळेलच. एवढं सांगतो, त्या एका कागदात एक अख्खा माणूस होता. खोकायचा कसा, भाकरी कुठून मोडायचा, कशाला हसायचा. कालिंदी म्हणते, लिहिता लिहिता तिला वाटलं तो शेजारीच बसलाय बांधावर.

पुढचे तीन दिवस तिनं बारा शहाणी माणसं तपासली. शाळेला सुट्टी, त्यामुळं शाळेच्याच खोलीत, खिडकी उघडी ठेवून. पहिला गेणबा, भिवाचा लंगोटीयार.

"पाणी."

"आन की, प्यायला!"

"दार."

"लावू?"

"गेणबा, प्रश्न नाही विचारायचा, शब्द बोलायचा."

"मग तुमी बी नीट इचारा की."

हसून हसून पुरेवाट! कालिंदीनं सगळं जसंच्या तसं लिहिलं. पाणी: आन की प्यायला, दोन सेकंद. दार: लावू, दोन सेकंद. असं सत्तावीस शब्दांपर्यंत. अठ्ठाविसावा आला.

"नाव."

गेणबाचं हसू गेलं. घड्याळ टिकटिक करायला लागलं. तीन. पाच. आठ. त्यानं खिडकीकडे बघितलं. अकराव्या सेकंदाला म्हणाला, "कुणाचं?"

मग धोंडाबाई. भराभर उत्तरं. 'नाव' म्हटलं, गप्प. अकरा सेकंद. "कुणाचं?" हैबतराव. अकरा सेकंद. "कुणाचं?" कालिंदीनं घड्याळ कानाला लावलं, हलवलं, किल्ली दिली. घड्याळ ठीक होतं. सारजाबाई. अकरा. "कुणाचं गं?" बाराची बारा माणसं, तोच शब्द, तेवढाच वेळ, तेच उत्तर! आणि जिला वेडी म्हणतात, ती दीड सेकंदात मोकळी!

कालिंदीनं ताडकन अर्थ लावला: नाव म्हणजे होडी, होडी म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसते, म्हणजे या लोकांनीच भिवाला बुडवला की काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेबाहेर आली, तर खिडकीखाली तो बसलेला. घरातला माणूस. काथ्या वळत. त्याच्यापुढं दोरखंडाचं एवढं मोठं वेटोळं, म्हणजे तिन्ही दिवस तिथंच होता.

"सावलीला बसलो हुतो," तो म्हणाला. हसला. ती हसायच्या आधी.

ती परत आत गेली, दार लावलं, आणि कागद पुढ्यात घेऊन नीट वाचायला लागली. आणि तिथं तिची ट्यूब पेटली. कुणाचं. कुणाचं! अरे, होडी असती तर 'कुणाची' म्हणाले असते ना? या लोकांना 'नाव' म्हणजे होडी कळलंच नव्हतं. वाडीत सगळे होडीच म्हणतात. त्यांनी ऐकलं ते माणसाचं नाव. म्हणजे पुस्तकी शब्द घालून कालिंदीनंच परीक्षा बिघडवली होती! तिला हसू आलं. अर्धं आलं, अर्धं घशातच राहिलं. कारण साधं 'नाव' म्हटलं तर बारा धडधाकट माणसं अकरा अकरा सेकंद गप्प का बसतील? आणि तुळजा 'बुडाली' म्हणाली होती. बुडालं नाही. बुडाली.

ती धावतच खाचरात गेली.

"तुळजा, नाव म्हटल्यावर तुला होडी कशी कळली?"

तुळजानं काठी खाली ठेवली. पहिल्यांदाच तिचे डोळे भरले, आणि धूर तर त्या वेळी दुसऱ्या बाजूला जात होता. "वाडीत कुनी म्हनत न्हाई. आमचं धनी येकलंच म्हनायचं. लगनाआदी दोन वर्सं नागोठन्याला खाडीवर व्हतं कामाला, तितनं शबुद आनलेला. 'माजी नाव, माजी नाव' करायचं. लोकं हसायची म्हनून घरातच म्हनायचं, माज्यासंगट."

आता बघा, सगळ्या चिंचवाडीत 'नाव' ऐकून होडी आठवणारी माणसं दोनच: एक तुळजा, आणि दुसरा खरा भिवा.

उतरताना वाटेत सारजाबाई उभी. म्हातारीनं तिचा हात धरला. हात थंडगार.

"पोरी, काय लिवनार हायस?"

"जे दिसलं ते."

"लिव. पर ऐक. आईला ठावं नसतंय व्हय? ज्या दिशी आलं त्याच दिशी मला कळलं. धा म्हैनं म्या हाका मारल्या, एक दिस कुनीतरी ओ दिली. आता आलंय त्येला काय म्हनू, जा? आपनच बोलीवलं." तिनं इकडंतिकडं बघितलं. "आलं तवा कोरंच व्हतं गं. मग म्या ल्हानपन सांगितलं, गेनबानं खोड्या सांगितल्या, पाटलांनी शेतं दावली. समद्यांनी मिळून भरलं. तुळजा तेवडी सांगत न्हाई. म्हनून अर्दंच ऱ्हायलंय. तिनं सांगितलं की पुरं हुतंय. न्हाईतर तिला तरी हितनं न्हेऊ दे. ती समूर असली की समद्यांना दिसतंय, ह्ये अर्दं हाय म्हनून."

तर अर्ज असा होता, बरं का! वाडीला तुळजाचं वेड नको नव्हतं, तिचं शहाणपण नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदी शाळेत कागद बांधत होती, एस्टी दुपारची. दारात तो उभा राहिला.

"बाई, मला बी इचारा की."

पळून जावंसं वाटलं तिला. पण ती कालिंदी! परीक्षा देतो म्हणणारा माणूस सोडेल? तिनं घड्याळ हातात घेतलं.

"पाणी."

"आन की, प्यायला!"

आवाज गेणबाचा. हुबेहूब. हसणंसुद्धा.

"दार."

"लावू?"

"डोंगर." हैबतरावांचं उत्तर, हैबतरावांसारखं घसा खाकरून. "रडणं." सारजाबाईचं उत्तर, म्हातारीच्या कापऱ्या आवाजात. एकही उत्तर त्याचं नव्हतं. खिडकीखाली बसून पाठ केलं असेल, कालिंदीनं स्वतःला बजावलं. बसला होताच की तिथं. मग तिनं हुशारी केली, यादीत नसलेला शब्द मधेच घातला.

"कंदील."

तो थांबला. तोंड उघडं तसंच राहिलं. घड्याळ पळत होतं, वीस, तीस, चाळीस, आणि कालिंदीच्या लक्षात आलं की याची छातीही हलत नाहीये. शेवटी पोरानं मास्तरांना विचारावं तसं त्यानं विचारलं, "काय म्हनायचं आसतंय?"

तरी अठ्ठाविसावा शब्द तिनं घेतलाच. खरा भिवा काय बोलला असता ते तिला माहीत होतं.

"ना..."

"द्याल ते," तो म्हणाला. शब्द पुरा व्हायच्या आत. स्वतःच्या आवाजात म्हणाला, आणि त्या आवाजात काहीच नव्हतं, नुसतं रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखं.

मग तो हळूच पुढं वाकला. "तिचा कागुद हाय न्हवं तुमच्यापाशी? खाचरातला. मला लांबनं आयकू आला न्हाई. मला वाचता येत न्हाई. एकडाव वाचून दावा. तेवडंच ऱ्हायलंय."

कालिंदीनं कागदांचं पुडकं छातीशी धरलं आणि अक्षरशः पळत सुटली. छत्री तिथंच, वळकटी तिथंच. वाट पाण्याच्या कडेनं होती. मागं पावलं वाजत नव्हती, पण मागं वळून बघायची छाती कुणाला होती? काठावर आल्यावर तिनं तुळजाचा कागद बाहेर काढला, चुरगाळला, आता फेकणार, तेवढ्यात कुणीतरी मनगट धरलं. तुळजा. वरून तिला पळताना बघून उतरून आली होती.

"पाण्यात नगं! पाण्यातनंच आलंय न्हवं त्ये? वर चल. राबात टाक."

दोघी वर आल्या. राब धुमसत होता. आणि कालिंदीचा हात अडला. मूळ कागद जपून आण. तुझं मत नंतर, कागद आधी. कागद नेला तर तुळजा शहाणी ठरणार होती, पण कागदाची नक्कल मामलेदाराकडे जाणार, मामलेदाराकडून पाटलाकडे येणार, पाटील मोठ्यानं वाचणार आणि ओट्याखाली कुणीतरी काथ्या वळत बसणार. जाळला तर पुरावाच नाही, सर दाखला देणार नाहीत.

"टाकू?" तिनं विचारलं.

"माजं काय बी हू दे. त्येंचं तेवडंच ऱ्हायलंय माज्यापाशी. ते नगं द्यायाला कुनाला," तुळजा म्हणाली.

कालिंदीनं कागद राबात टाकला. तो पेटला, उलगडला आणि राख झाला.

खाली काठावर तो उभा होता. पाण्याला पाठ करून. तिथून हाक आली, "तुळजाऽ."

तुळजा गप्प. कालिंदीनं तिचा हात घट्ट धरला.

"तुळजाऽ." आता आवाज सारजाबाईचा होता, थोडा गेणबाचाही.

दोघी थांबल्या. कितीतरी वेळ थांबल्या. राबातली फांदी तडतडली, वर घार फिरली.

तिसरी हाक आलीच नाही.

"औंदा भात लई चांगलं यील हितं," तुळजा म्हणाली, आणि काठी घेऊन पुन्हा राब सारायला लागली.

पुण्यात सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "मूळ कागद?"

"जाळला."

सरांनी चष्मा काढला. "मग दाखला मी कशावर लिहू, कालिंदी? तुझ्या धापा टाकण्यावर? बारा माणसं, अकराच सेकंद, एकच उत्तर! असं कधी होत नसतं. तू घाबरलेली होतीस, घड्याळ चुकीचं वाचलंस. आण ते इकडं." त्यांनी घड्याळ घेतलं, यादी पुढं ओढली. "बस समोर. तुझ्यावरच बघू."

कालिंदी बसली. यादी तिनंच केलेली, शब्द न् शब्द पाठ. पाणी, दार, डोंगर, मीठ, भराभर उत्तरं देत गेली. अठ्ठाविसावा कुठला येणार तेही माहीत. तो शब्द होडी म्हणून लिहिणारी तर जगात ती एकटीच! उत्तर तयार होतं जिभेवर: पाणी, वल्हं, काहीही.

"नाव," सर म्हणाले.

घड्याळ टिकटिक करत राहिलं. सर आधी घड्याळाकडे बघत होते, मग तिच्याकडे बघायला लागले, मग पुन्हा घड्याळाकडे.

"कुणाचं?" कालिंदी म्हणाली.

सरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. काटा अकरावर. त्यांनी दौत पुढं घेतली आणि दाखला लिहिला: तुळजाबाई पूर्ण शुद्धीवर आहे, तिला कुठंही हलवण्याचं कारण नाही. खाली सही केली. मग यादी उचलून अठ्ठाविसावा शब्द खोडला, शाईनं, दोनदा, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, होडी.

भात कापणीच्या सुमाराला हैबतरावांचं पोस्टकार्ड आलं. कालिंदीनं मला दाखवलंय, म्हणून सांगतो. दाखला पोचला. तुळजाबाई घरी खुशाल असून त्या खाचरातले भात वाडीत सर्वांत आधी निसवून कणसावर आले. सारजाबाईने दाखला ऐकल्यापासून हाका मारणे बंद केले आहे. त्या दिवसापासून त्या घरी दोनच ताटे वाढली जातात, आणि तिसरा कुठे गेला हे वाडीत कोणी विचारत नाही, कारण विचारायचे तर नाव घ्यावे लागते.